करोडपती खेळाडू संपावर का जातात? बेसबॉलमधल्या एका कलमाची गोष्ट

ज्यांना एपिसोड ऐकायला वेळ मिळाला नाही, किंवा लोकलमध्ये नेटवर्क गेल्यामुळे जो अर्धाच ऐकला गेला, त्यांच्यासाठी हे लेखी रूप. बोललो तसंच ठेवलंय, फक्त मधले ‘म्हणजे’ आणि ‘ॲक्च्युअली’ थोडे कमी केलेत.

आजचा प्रश्न सरळ आहे. अमेरिकेत बेसबॉलचे खेळाडू वर्षाला लाखो डॉलर कमावतात आणि तरीही संपावर जातात. बातमी वाचली की आपली पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते: यांना कसली कमी आहे? ‘संप’ आणि ‘टाळेबंदी’ हे शब्द आपल्याकडे गिरणगावाच्या आठवणींशी जोडलेले. करोडपती माणूस तेच शब्द वापरायला लागला की कानाला खटकतं.

पण हे भांडण सुरू झालं तेव्हा खेळाडू करोडपती नव्हते. ते भांडले आणि त्यानंतर झाले. शिवाय सुरुवातीचा मुख्य प्रश्न ‘पगार किती?’ हा नव्हताच. प्रश्न होता, ‘मला ही नोकरी सोडून दुसरीकडे जाता येईल का?’

ते कलम काय होतं?

समजा, तुम्ही एका कंपनीत लागलात. एक वर्षाचा करार. वर्ष संपलं, तुम्हाला दुसऱ्या कंपनीत जायचंय. तुमची कंपनी म्हणते, जा ना, पण या क्षेत्रातली कुठलीच कंपनी तुला घेणार नाही, कारण आमचं आपसात ठरलंय. तुला काम करायचं असेल तर आमच्याकडेच, आम्ही देऊ त्या पगारावर. आणि उद्या आम्हाला वाटलं तर आम्ही तुला दुसऱ्या शहरातल्या कंपनीला देऊन टाकू. तुला विचारणार नाही.

बेसबॉलमध्ये याला ‘रिझर्व्ह क्लॉज’ म्हणायचे, म्हणजे खेळाडू राखून ठेवण्याचं कलम. १८७९ मध्ये संघमालकांनी आपसात ठरवून प्रत्येकी पाच खेळाडू राखायला सुरुवात केली. हळूहळू ते सगळ्यांनाच लागू झालं. खेळाडूला दोनच पर्याय उरले: त्याच संघाकडून खेळा, नाहीतर बेसबॉल सोडा.

आता तुम्ही म्हणाल, हे बेकायदेशीर नाही का? अमेरिकेत मक्तेदारीविरोधी कायदे आहेत की! आहेत. पण १९२२ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला की बेसबॉलचे सामने भरवणं हा त्या कायद्याच्या अर्थाने आंतरराज्य व्यापार नाही, त्यामुळे तो कायदा इथे लागू होत नाही. तिकिटं विकणारा, शहरोशहरी संघ पाठवणारा धंदा. पण कायद्याच्या लेखी व्यापार नाही! ही सूट पुढे अनेक दशकं टिकली.

कर्ट फ्लड: ‘मला विचारलं का?’

ऑक्टोबर १९६९. सेंट लुईस कार्डिनल्स संघाचा कर्ट फ्लड ३१ वर्षांचा होता. बारा सीझन तो याच संघाकडून खेळला होता. उत्तम क्षेत्ररक्षणासाठी मिळणारा गोल्ड ग्लव्ह पुरस्कार त्याने सात वेळा जिंकला होता. पगार ९० हजार डॉलर, म्हणजे त्या काळात भरपूर. एक दिवस त्याला कळवण्यात आलं की तुझा सौदा झालाय, आता तू फिलाडेल्फियाकडून खेळायचं.

बाकीच्यांनी केलं तसं तोही सामान बांधून गेला असता. पण फ्लड कृष्णवर्णीय होता. अमेरिकेच्या दक्षिणेकडच्या राज्यांत खालच्या लीगमध्ये खेळताना त्याने वंशभेद अंगावर झेलला होता. माणसाची मालकी या कल्पनेकडे तो साध्या व्यवहाराच्या नजरेने बघू शकत नव्हता. डिसेंबरमध्ये त्याने बेसबॉलचे कमिशनर बोवी कून यांना पत्र लिहिलं. त्याचा आशय असा: मी माझ्या मर्जीविरुद्ध विकण्याची वस्तू नाही, इतर संघांनाही कळवा की मी उपलब्ध आहे. कून यांनी नकार दिला. जानेवारी १९७० मध्ये फ्लड कोर्टात गेला.

तेव्हा खेळाडूंच्या युनियनचे प्रमुख होते मार्विन मिलर. हे गृहस्थ पोलाद कामगारांच्या युनियनमधले अर्थतज्ज्ञ. १९६६ मध्ये ते बेसबॉलमध्ये आले तेव्हा खेळाडूंचा किमान पगार वर्षाला ६ हजार डॉलर होता. १९६८ मध्ये त्यांनी पहिला सामूहिक करार करून तो १० हजारांवर नेला. मिलर यांनी फ्लडला स्पष्ट सांगितलं की ही केस बहुतेक तू हरशील आणि तुझं करिअरही संपेल. युनियन त्याच्या पाठीशी उभी राहिली. पण खटला चालला तेव्हा साक्ष द्यायला खेळत असलेला एकही खेळाडू आला नाही. आले ते निवृत्त झालेले. त्यांत जॅकी रॉबिन्सन होते, आधुनिक मेजर लीगमधले पहिले कृष्णवर्णीय खेळाडू.

१९७२ मध्ये सर्वोच्च न्यायालयात फ्लड ५ विरुद्ध ३ मतांनी हरला. गंमत बघा, बेसबॉलला मिळालेली सूट विसंगत आहे हे न्यायालयाने मान्य केलं. पण दुरुस्ती करायची तर संसदेने करावी, म्हणून हात झटकले. फ्लडने १९७० चा पूर्ण सीझन गमावला, १९७१ मध्ये जेमतेम १३ सामने खेळला आणि थांबला.

‘एक वर्ष’ म्हणजे किती वर्षं?

कोर्टाचा दरवाजा बंद झाला, पण मिलर यांनी दुसरा उघडून ठेवला होता. १९७० च्या सामूहिक करारात त्यांनी एक अट घालून घेतली होती: खेळाडू आणि संघ यांच्यातल्या तक्रारींचा निर्णय यापुढे तटस्थ लवाद देईल. तोपर्यंत अंतिम शब्द कमिशनरचा असायचा, आणि कमिशनरची नेमणूक मालक करायचे!

आता त्या कलमाचे शब्द बघा. खेळाडूने सही केली नाही, तर संघ त्याचा करार ‘एक वर्षासाठी’ वाढवू शकतो. मालक म्हणायचे, वाढवलेल्या करारातही हेच कलम असतं, म्हणून पुढच्या वर्षी पुन्हा वाढवू, मग पुन्हा, कायमचं. मिलर म्हणाले, एक वर्ष म्हणजे एक वर्ष.

हे तपासायचं तर कुणीतरी सही न करता अख्खा सीझन खेळायला हवा. १९७५ मध्ये लॉस एंजलिसचा गोलंदाज, म्हणजे तिकडच्या भाषेत पिचर, अँडी मेसरस्मिथ तसाच खेळला. माँट्रियलच्या डेव्ह मॅकनॅलीनेही सही केली नव्हती. २३ डिसेंबर १९७५ रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी निर्णय दिला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष, दोघेही मोकळे. मालकांनी साइट्झ यांना लगेच कामावरून काढलं. पण निर्णय कोर्टातही टिकला.

जे सर्वोच्च न्यायालयात तत्त्वावर भांडून मिळालं नाही, ते करारातले दोन शब्द नीट वाचून मिळालं. ऑफर लेटरवर न वाचता सही करणाऱ्यांनी हे लक्षात ठेवायला हरकत नाही.

मिलर यांचं गणित

आता सगळे खेळाडू दरवर्षी मोकळे होणार, असं वाटलं ना? ओकलंडचे मालक चार्ली फिनली यांचं म्हणणं तेच होतं: करा सगळ्यांना मोकळं! मिलर मात्र याच गोष्टीला घाबरत होते. दरवर्षी शेकडो खेळाडू एकदम बाजारात आले तर भाव पडणार, हा भाजी मंडईचा नियम. बाकीच्या मालकांना ते उमगलं नाही. १९७६ मध्ये तडजोड झाली: सहा वर्षांची सेवा झाली की खेळाडू ‘फ्री एजंट’. म्हणजे दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे आणि त्यांच्यामागे अनेक संघ.

परिणाम आकड्यांत दिसतो. १९७६ मध्ये सरासरी पगार सुमारे ५१ हजार डॉलर होता. १९८० मध्ये तो सुमारे १ लाख ४३ हजार झाला. चार वर्षांत खेळ काही तिपटीने सुधारला नव्हता. खेळाडूची किंमत आधीही तेवढीच होती, फक्त दुसरा कुणी बोली लावू शकत नव्हता.

१९९४: फायनलच झाली नाही

मालकांनी हार मानली नाही. १९८० च्या दशकात त्यांनी आपसात ठरवून फ्री एजंटना बोली लावणंच बंद केलं. ती लबाडी सिद्ध झाली आणि १९९० मध्ये २८ कोटी डॉलरची भरपाई द्यायचं कबूल करावं लागलं. मग ते म्हणाले, पगारांवर एकूण मर्यादा हवी, म्हणजे ‘सॅलरी कॅप’. १२ ऑगस्ट १९९४ ला खेळाडू संपावर गेले. १४ सप्टेंबरला वर्ल्ड सिरीज, म्हणजे अंतिम मालिका, रद्द झाल्याचं जाहीर झालं. दोन महायुद्धांतही ती थांबली नव्हती.

मालकांनी बदली खेळाडू आणून सराव सामने सुरू केले. इथे कामगार लढ्यातला सगळ्यात निर्दय प्रश्न समोर येतो: तुमच्या जागी दुसरा माणूस बसवता येतो का? १९८२ च्या संपात मुंबईच्या गिरणी कामगारांचं दुखणं हेच होतं. कापड यंत्रमागावर विणून घेता येत होतं. बेसबॉलचा प्रेक्षक मात्र नावं बघायला येतो. इथे बदली चालणं अवघड होतं.

शेवटी सरकारचं कामगार मंडळ कोर्टात गेलं. ३१ मार्च १९९५ रोजी न्यायाधीश सोनिया सोतोमायोर यांनी मालकांना आदेश दिला की नवा करार होईपर्यंत जुने नियम पाळा. याच बाई २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयात गेल्या. संप २३२ दिवसांनी संपला.

किंमत कुणी मोजली? स्टेडियममध्ये शेंगदाणे विकणाऱ्यांनी, ज्यांची युनियन त्या वाटाघाटीच्या टेबलावर नव्हती. रागावलेल्या चाहत्यांनीही: पुढच्या सीझनला सामन्यामागची गर्दी सुमारे २० टक्क्यांनी घटली. आणि माँट्रियलने. संप सुरू झाला तेव्हा ७४ विजय आणि ४० पराभव अशी त्यांची कामगिरी सगळ्या संघांत सरस होती. ती संधी परत आली नाही. २००५ मध्ये तो संघच वॉशिंग्टनला हलला.

मग शेवटी कुणाचं भलं झालं?

खरं सांगायचं तर सगळ्यांचं सारखं नाही. त्या सहा वर्षांच्या अटीमुळे नवा खेळाडू पहिली काही वर्षं संघाच्याच ताब्यात असतो आणि बऱ्याचदा किमान पगाराच्या आसपास खेळतो. म्हणूनच २ डिसेंबर २०२१ पासून ९९ दिवस चाललेल्या टाळेबंदीत तरुण खेळाडूंचा पगार हा मोठा मुद्दा होता. त्यानंतर किमान पगार ७ लाख डॉलर झाला.

त्याच्याही खाली मायनर लीग. तिथल्या सगळ्यात वरच्या पातळीचा किमान वार्षिक पगार २०२२ मध्ये १७,५०० डॉलर होता. त्याच वर्षी हे खेळाडू युनियनमध्ये आले, २०२३ मध्ये पहिला करार झाला आणि तो आकडा ३५,८०० वर गेला. थेट दुप्पट.

तेव्हा पुढच्या वेळी ‘करोडपतींचा संप’ अशी बातमी दिसली तर दोन गोष्टी बघा. समोरचा मालक किती कमावतो? आणि खेळाडूला दुसरीकडे जायची मुभा आहे का? पगाराचा आकडा त्यानंतर बघा.

कर्ट फ्लड १९९७ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी अमेरिकी संसदेने मेजर लीगच्या खेळाडूंसाठी मक्तेदारीविरोधी कायद्याचा दरवाजा उघडणारा कायदा केला. त्या कायद्याला फ्लडचं नाव आहे. मोकळ्या बाजारातला एकही मोठा करार त्याच्या स्वतःच्या वाट्याला आला नाही.

एपिसोड आवडला तर मित्रांना पाठवा. आणि तुमच्या नोकरीच्या करारात असं एखादं ‘एक वर्ष’ लपलंय का, हे आज घरी जाऊन बघा. सापडलं तर कमेंटमध्ये सांगा, फक्त कंपनीचं नाव नको! भेटू पुढच्या भागात.