घरातले बिनतारी दार

२६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्याआधी काही मिनिटे वृत्तवाहिन्यांकडे धमकीचा ई-मेल येऊन थडकला होता. पोलिसांनी माग काढला, तो नवी मुंबईतल्या एका घराशी येऊन थांबला! कोणा परक्याने तेथल्या उघड्या वाय-फायचा उपयोग केला होता. चौकशीचा ससेमिरा मात्र घरच्या माणसामागे लागला.

वाय-फाय म्हणजे रेडिओलहरीच. तारेतून आलेला मजकूर राउटर लहान लहान तुकड्यांनी ज्याच्या त्याच्या यंत्राला पोचवतो. २.४ गिगाहर्ट्‌झची लहर भिंती ओलांडून दूर जाते; ५ गिगाहर्ट्‌झची वेगवान खरी, पण भिंतीपुढे लवकर थकते. म्हणून राउटर घराच्या मध्यावर, उंचावर ठेवावा. लोखंडी कपाटामागे तर नकोच.

मग राउटरच्या पाठीवर छापलेला पत्ता मोबाईलवर उघडून कारखान्यातून आलेला परवलीचा शब्द आधी बदलावा. सुरक्षेसाठी डब्ल्यूपीए-२ किंवा ३ निवडावे. जुन्या डब्ल्यूईपीचे कुलूप २००१ सालीच फुटले आहे. वाय-फायचा शब्द निराळा आणि लांबलचक असावा. त्यात मुलाबाळांची नावे नकोत.

वाचकहो, निजण्यापूर्वी दाराची कडी आपण पाहतोच. या दिवाळीत ही न दिसणारी कडीही एकदा पाहून घ्या.