ऑपरेशनच्या वेळी स्नायू सैल करणारं इंजेक्शन का देतात? आणि भूलतज्ज्ञाला कोणती गोष्ट सांगायलाच हवी?

बीडपासून वीसेक किलोमीटरवरच्या मांजरसुंब्याच्या चौकातून चार दिशांना रस्ते फुटतात. उत्तरेला बीड आणि पुढे छत्रपती संभाजीनगर, दक्षिणेला सोलापूर, पूर्वेला केजमार्गे अंबाजोगाई, पश्चिमेला पाटोद्यावरून अहिल्यानगर. या भागातल्या माणसाला ऑपरेशन सांगितलं, की नातेवाईक यातलाच एखादा रस्ता धरतात. कुणी बीडच्या जिल्हा रुग्णालयात जातं, कुणी अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात, कुणी थेट पुण्याला.

रस्ता कोणताही असो, ऑपरेशनच्या आधी एक प्रश्न हमखास येतो. "याआधी कधी भूल दिली होती का? तुम्हाला किंवा घरात कुणाला भुलीचा त्रास झाला होता का?"

बहुतेक जण "नाही, तसं काही नाही" म्हणून मोकळे होतात. काकांना ऑपरेशननंतर शुद्धीवर यायला फार वेळ लागला होता, हे आठवत असतं. पण ते सांगण्यासारखं आहे असं वाटत नाही. प्रत्यक्षात भूलतज्ज्ञाला नेमकं तेच हवं असतं. ते का, हे समजून घ्यायचं तर स्नायू सैल करणाऱ्या इंजेक्शनबद्दल जाणून घ्यावं लागेल.

हे इंजेक्शन नेमकं काय करतं?

हात उचलायचा, श्वास घ्यायचा किंवा पापणी मिटायची, तर मेंदूचा हुकूम मज्जातंतूतून स्नायूपर्यंत पोहोचावा लागतो. मज्जातंतू संपतो आणि स्नायू सुरू होतो, तिथे अगदी बारीक फट असते. ही फट ओलांडायला मज्जातंतू ॲसिटिलकोलीन नावाचं रसायन सोडतो. ते स्नायूवरच्या ठरावीक जागी जाऊन बसलं, की स्नायू आकसतो.

स्नायू सैल करणारं इंजेक्शन याच जागी काम करतं. व्हेक्युरोनियम, रोक्युरोनियम, ॲट्राक्युरियम ही औषधं ॲसिटिलकोलीनची जागा आधीच अडवून ठेवतात. हुकूम येतो, पण स्नायूला तो मिळत नाही. सक्सिनिलकोलीन हे औषध थोडं वेगळं आहे. ते त्या जागी बसून स्नायूला एकदा आकसायला लावतं आणि मग थकवून सैल सोडतं. त्याचा परिणाम मिनिटभरात होतो आणि साधारण पाच ते दहा मिनिटांत उतरतो.

शेतात काम करणाऱ्यांना हे समजायला सोपं आहे. नाग चावलेल्या माणसाच्या पापण्या आधी जड होतात, मग बोलणं आणि गिळणं अवघड होतं आणि शेवटी श्वास थांबू लागतो. नागाच्या विषातले घटक अगदी याच जागा अडवतात. फरक असा, की ऑपरेशन थिएटरमध्ये औषध मोजून दिलेलं असतं, श्वास यंत्राने चालू ठेवलेला असतो आणि भूलतज्ज्ञ शेजारी उभा असतो.

कंबरदुखीसाठी मिळणाऱ्या 'मसल रिलॅक्सेंट' गोळ्यांशी या इंजेक्शनचा संबंध नाही. नाव सारखं असलं, तरी त्या गोळ्यांनी श्वास थांबत नाही. या इंजेक्शनने थांबतो. म्हणूनच ते फक्त भूलतज्ज्ञाच्या किंवा अतिदक्षता विभागातल्या डॉक्टरांच्या हातूनच दिलं जातं.

मग ते देतातच कशाला?

पोटाचे स्नायू घट्ट असतील, तर सर्जनला आत नीट काम करता येत नाही. दुर्बिणीच्या ऑपरेशनमध्ये पोटात वायू भरून जागा करावी लागते. तेव्हा तर स्नायू सैल असणं फारच उपयोगी ठरतं. श्वासनलिकेत नळी घालतानाही घशाचे स्नायू सैल हवेत.

पूर्वी यासाठी इथरसारख्या भुलीच्या औषधाचा खूप मोठा डोस द्यावा लागे आणि त्याचा ताण हृदयावर व फुफ्फुसांवर येई. २३ जानेवारी १९४२ रोजी कॅनडातल्या माँट्रियल शहरात डॉ. हॅरॉल्ड ग्रिफिथ आणि डॉ. एनिड जॉन्सन यांनी अपेंडिक्सच्या ऑपरेशनमध्ये क्युरारे वापरलं. हे दक्षिण अमेरिकेतले आदिवासी शिकारीच्या बाणांना लावत ते विष. त्यानंतर भूल हलकी ठेवूनही स्नायू सैल करता येऊ लागले.

प्रत्येक ऑपरेशनला हे इंजेक्शन लागत नाही. कमरेत सुई देऊन खालचं अंग बधिर करतात, तेव्हा सहसा त्याची गरज पडत नाही. बहुतेक सिझेरियन अशाच भुलीखाली होतात.

हलता येत नाही, पण कळत असतं, असं होतं का?

सोशल मीडियावर सर्वात जास्त फिरणारी भीती हीच. तिच्यामागे एक खरी गोष्ट आहे. स्नायू सैल करणारं इंजेक्शन झोप आणत नाही आणि वेदनाही थांबवत नाही. सर्पदंशाचा रुग्ण निपचित पडलेला असतो, पण अनेकदा त्याला आजूबाजूचं बोलणं ऐकू येत असतं. तसंच हे.

म्हणून सर्वसाधारण भुलीत तीन वेगळी कामं केली जातात. एक औषध झोप आणतं, दुसरं वेदना थांबवतं आणि तिसरं स्नायू सैल करतं. भूलतज्ज्ञ नाडी, रक्तदाब आणि श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूवर पूर्ण वेळ लक्ष ठेवतो. ब्रिटन आणि आयर्लंडमध्ये २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत, ऑपरेशनमध्ये जाग आल्याची तक्रार साधारण १९ हजार भुलींमागे एक इतकी आढळली. स्नायू सैल करणारं औषध दिलं असेल, तर हे प्रमाण सुमारे ८ हजारांत एक होतं. ही शक्यता कमी आहे, पण शून्य नाही. रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्यांनी ते लपवू नये. भुलीचा डोस ठरवताना त्याची गरज असते. आधीच्या ऑपरेशनमध्ये काही ऐकू आल्याचं आठवत असेल, तर तेही सांगावं.

काका उशिरा शुद्धीवर का आले?

सक्सिनिलकोलीन काही मिनिटांत उतरतं, कारण रक्तातलं एक एन्झाइम त्याचे तुकडे करतं. त्याला स्यूडोकोलिनेस्टरेज म्हणतात. काहींमध्ये हे एन्झाइम जन्मतःच फार कमी असतं किंवा नीट काम करत नाही. एरवी त्याचा काहीच त्रास नसतो, त्यामुळे माणसाला आयुष्यभर पत्ताही लागत नाही. मात्र हे इंजेक्शन दिलं, की पाच-दहा मिनिटांचा परिणाम काही तास टिकतो. ऑपरेशन संपतं, पण श्वास सुरू होत नाही.

भारतात हा दोष आर्य वैश्य समाजात इतरांपेक्षा जास्त आढळतो, हे संशोधनातून दिसून आलं आहे. आंध्र, तेलंगणा, कर्नाटक आणि तमिळनाडूत पसरलेला हा व्यापारी समाज मराठवाड्यातही आहे. नांदेडसारख्या तेलंगणाला लागून असलेल्या जिल्ह्यात विशेष. दक्षिणेतल्या भूलतज्ज्ञांना हे चांगलं ठाऊक असतं. मराठवाड्यातल्या कुटुंबांनी ते स्वतःहून सांगितलं, तर गोष्ट सोपी होते. यात कमीपणा वाटण्यासारखं काही नाही. कुणाचा रक्तगट वेगळा असतो, तसंच हे. इतर कोणत्याही समाजातल्या माणसातही हा दोष असू शकतो.

तो आई आणि वडील अशा दोघांकडून आला, तरच ठळकपणे दिसतो. त्यामुळे एका भावात तो सापडला, तर दुसऱ्या सख्ख्या भावंडात असण्याची शक्यता चारांत एक असते. मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल असलेल्या घरांत तो दोघांकडून येण्याची शक्यता वाढते. एन्झाइमची पातळी साध्या रक्ततपासणीने कळते.

आधी माहिती असेल, तर उपायही सोपा आहे. भूलतज्ज्ञ सक्सिनिलकोलीन टाळून दुसरं औषध निवडतो. आणि माहिती नसताना हा प्रकार घडलाच, तरी रुग्णाला झोपेत ठेवून व्हेंटिलेटरवर श्वास देत राहिलं, की औषध हळूहळू उतरतं आणि माणूस पूर्ण बरा होतो. खरा धोका असतो तो जिथे व्हेंटिलेटर आणि देखरेखीची सोय नाही तिथे.

फवारणी केली होती, तेही सांगायचं का?

हो. आणि बीडसारख्या कापूस-सोयाबीनच्या जिल्ह्यात तर नक्कीच. प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस अशी ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली कीटकनाशकं हेच एन्झाइम निकामी करतात. फवारणीत विषबाधा झाली असेल किंवा अंगावर औषध बरंच गेलं असेल, तर एन्झाइम पूर्ववत व्हायला काही आठवडे लागू शकतात. या काळात अपेंडिक्स फुटलं किंवा अपघात झाला आणि तातडीने भूल द्यावी लागली, तर "पंधरा दिवसांपूर्वी फवारताना चक्कर येऊन उलट्या झाल्या होत्या" हे एक वाक्य फार मोलाचं ठरतं.

याशिवाय या गोष्टी लपवू नयेत:

• आधीच्या भुलीत अचानक खूप ताप चढला होता, किंवा भुलीमुळे नात्यातल्या कुणाचा मृत्यू झाला होता.
• कोणत्याही औषधाने अंगावर गांधी उठल्या, दम लागला किंवा रक्तदाब घसरला होता.
• किडनी किंवा लिव्हरचा आजार आहे. काही औषधं त्यांच्यामार्फतच शरीराबाहेर जातात. ॲट्राक्युरियम मात्र रक्तात आपोआप तुटतं, त्यामुळे किडनीच्या रुग्णांना ते सोयीचं पडतं.
• मायस्थेनियासारखा स्नायूंचा आजार आहे, अर्धांगवायू झाला आहे, मणक्याला इजा आहे किंवा मोठं भाजलं आहे. अर्धांगवायू, मणक्याची इजा किंवा मोठं भाजलेलं असताना सक्सिनिलकोलीनने रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढू शकतं.
• सुरू असलेल्या सगळ्या गोळ्या आणि इंजेक्शनं, झाडपाल्याच्या औषधांसह.

"घोटभर चहाने काय होतंय?"

स्नायू सैल झाले, की घशाची राखणही थांबते. एरवी अन्न श्वासनलिकेकडे वळलं तर ठसका लागतो. भुलीत तो लागत नाही. पोटातलं वर आलं आणि फुफ्फुसात गेलं, तर जिवावर बेतू शकतं. म्हणून हलकं खाणं ऑपरेशनच्या सहा तास आधी बंद करायचं असतं, तेलकट-तुपकट आणि मटणासारखं जड खाणं आठ तास आधी. साधं पाणी सहसा दोन तास आधीपर्यंत चालतं. दुधाचा चहा पाण्यात मोडत नाही; तो खाण्यात धरायचा. चुकून काही खाल्लं असेल, तर सांगून टाकावं. ऑपरेशन पुढे गेलेलं परवडतं.

ऑपरेशन संपल्यावर काय होतं?

शेवटी स्नायूंची ताकद परत आणली जाते. त्यासाठी बहुतेक ठिकाणी निओस्टिग्मिन वापरतात. नाग चावलेल्या रुग्णालाही सर्पविषावरच्या लसीच्या जोडीने हेच औषध दिलं जातं, कारण अडवलेली जागा तीच असते. सुगामाडेक्स हे नवं औषध रोक्युरोनियम आणि व्हेक्युरोनियमचा परिणाम झटकन उतरवतं, पण महाग आहे. ते दिलं असेल, तर 'माला'सारख्या गर्भनिरोधक गोळ्यांवर पुढचे सात दिवस एकट्यावर विसंबू नये.

ताकद किती परत आली, हे मनगटाजवळच्या नसेला विजेचे हलके झटके देऊन मोजता येतं. तरीही कधी थोडा अशक्तपणा उरतो. वॉर्डात आणल्यावर पापण्या उघडत नसतील, एकाचे दोन दिसत असतील, मान उचलता येत नसेल, आवाज क्षीण असेल किंवा श्वास अपुरा वाटत असेल, तर "झोपू द्या, दमलाय" असं न म्हणता लगेच सिस्टरला बोलवावं. डॉक्टरांनी सांगेपर्यंत पाणी पाजू नये.

घसा दुखणं नळीमुळे असतं आणि ते एक-दोन दिवसांत थांबतं. सक्सिनिलकोलीननंतर मान, खांदे आणि पाठ दोन-तीन दिवस ठणकू शकतात. त्याने घाबरायचं कारण नाही.

कागद सोबत का हवा?

या भागातली हजारो माणसं दिवाळीच्या आसपास ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. ऑपरेशनची वेळ अनेकदा तिथेच येते आणि जुनी फाईल गावी पेटीत राहते. म्हणून भुलीत काहीही वेगळं घडलं असेल, तर सुट्टी घेतानाच डॉक्टरांकडून ते लेखी घ्यावं. औषधाचं नाव, काय झालं, पुढे काय टाळायचं, एवढं पुरे. त्या कागदाचा फोटो घरातल्या दोघा-तिघांच्या मोबाइलमध्ये ठेवावा आणि सख्ख्या भावंडांना जरूर पाठवावा.

मांजरसुंब्याच्या चौकातून रात्री दोन वाजता रुग्णवाहिका कोणत्या दिशेला वळेल, हे आधी सांगता येत नाही. तिथल्या भूलतज्ज्ञाने रुग्णाला कधी पाहिलेलंही नसतं. अशा वेळी मोबाइलमधला तो फोटो दाखवला किंवा काकांची गोष्ट सांगितली, तर त्याला योग्य इंजेक्शन निवडता येतं.