पुठ्ठ्याचं कार्ड आणि आपल्या डब्यातलं नाणं

गेल्या बैठकीत आमच्या गटातली एक ताई गप्प गप्प होती. विचारलं तेव्हा कळलं, तिला फोन आला होता. "तुमचं जुनं पाच रुपयांचं नाणं नऊ लाखांना घेतो, नोंदणीचे बाराशे भरा." तिने बचतीच्या हप्त्यातले बाराशे भरले. मग कर म्हणून आणखी आठ हजार मागितले. ती आम्हाला म्हणाली, "जुन्या वस्तूला एवढे पैसे मिळतात, हे खोटं आहे का गं?"

खोटं नाही. पण ते कसे मिळतात, हे कळायला जरा कॅनडात जाऊ.

तिथे बर्फावर हॉकी खेळतात. चेंडूऐवजी रबराची चकती असते. मुलांना च्युइंगगमच्या पुडीत खेळाडूंचं चित्र असलेलं पुठ्ठ्याचं कार्ड मिळायचं. मुलं ती कार्डं भिंतीशी उडवायची, सायकलच्या चाकात अडकवून फडफड वाजवायची. आपली पोरं काड्यापेटीचे छाप जमवायची, तसंच. घर आवरताना कितीतरी कार्डं कचऱ्यात गेली.

१९७९ साली ओ-पी-ची कंपनीने वेन ग्रेट्स्की या कोवळ्या खेळाडूचं पहिलं कार्ड काढलं. त्यातलं एक २०२१ मध्ये ३७ लाख ५० हजार डॉलरला विकलं गेलं. तेव्हाच्या दराने सुमारे २७ कोटी रुपये!

हा भाव नुसत्या जुनेपणाचा नाही. पहिलं कारण खेळाडू. ग्रेट्स्की पुढे या खेळातला सर्वांत नावाजलेला खेळाडू झाला. दुसरं कारण कार्डाची अवस्था. ही कार्डं तारेने कापत, म्हणून कडा खडबडीत राहत. तपासणारे लोक कोपरे, कडा, पृष्ठभाग आणि चित्र मधोमध आहे का ते बघून दहापैकी गुण देतात. तिसरं कारण दुर्मिळपणा. एका नामांकित तपासणी कंपनीकडून दहापैकी दहा गुण मिळालेली अशी दोनच कार्डं तेव्हा होती. त्याच कार्डाची दुमडलेली, मळलेली प्रत याच्या हजाराव्या हिश्शालाही जात नाही. आणि चौथं, ते हवंच असणारं श्रीमंत गिऱ्हाईक.

आता आपलं नाणं बघा. लाखोंनी पाडलेलं, हातोहात झिजलेलं. ते दुर्मिळ कसं होईल?

दुसरी खूण व्यवहाराची. कार्ड तपासायलाही फी लागते, पण कार्ड हातात घेऊन, पावती देऊन. लिलाववाले आपलं कमिशन विक्रीच्या रकमेतून घेतात. वस्तू न बघता लाखांचा भाव सांगणारा आणि आधी पैसे मागणारा माणूस गिऱ्हाईक नव्हे. ऑगस्ट २०२१ मध्ये रिझर्व्ह बँकेनेच सांगितलं, की जुन्या नाणी-नोटांच्या असल्या व्यवहारात बँक नाही आणि त्यासाठी ती कुठलीही फी घेत नाही.

म्हणून घरी जुनं काही असेल तर घासूनपुसून चकचकीत करू नका, त्याने मोल उतरतं. जाणकाराला समक्ष दाखवा, दोन ठिकाणी भाव विचारा. फोनवर ओटीपी देऊ नका. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा.

आम्ही ताईसोबत बसून तो फोन केला. बाराशे अजून आलेले नाहीत. आठ हजार मात्र वाचले. ताई म्हणाली, "लाजेने सांगत नव्हते." मैत्रिणींनो, फसणाऱ्या बाईने लाजू नये. गटात सांगावं. गट त्यासाठीच आहे.