तळव्यावरचा तीळ: घाबरायचं कधी आणि दाखवायचं कुठं?

सेलूहून मी बोलतोय. आजचा विषय आलाय एका श्रोत्याच्या व्हॉइस मेसेजमधून. मेसेज थोडक्यात असा: "दादा, पाठीवर एक तीळ आहे. मला वाटतंय तो मोठा झालाय. रात्री गूगल केलं तर डायरेक्ट कॅन्सरच निघाला. तेव्हापासून झोप नाही. घरी सांगितलं तर म्हणतात, तिळासाठी कुणी डॉक्टरकडं जातं का?"

असे मेसेज याआधीही आलेत. मोबाईल घाबरवतो, घरचे उडवून लावतात आणि माणूस मधल्यामध्ये अडकतो. म्हणून आज नीट समजून घेऊ.

तीळ म्हणजे नेमकं काय?

आपल्या त्वचेत रंग तयार करणाऱ्या पेशी असतात. त्या जो रंग बनवतात त्याला मेलॅनिन म्हणतात. या पेशी एका ठिकाणी गोळा झाल्या की तिथं तीळ दिसतो. अंगावर दहा-वीस तीळ असणं अगदी नेहमीचं आहे. लहानपणापासून तिशीपर्यंत नवे तीळ येत राहतात, त्यातही वावगं काही नाही. म्हणजे शंभरातले जवळपास सगळे तीळ आयुष्यभर गुपचूप बसून राहतात.

क्वचित याच पेशी बेफाम वाढायला लागतात. त्या कॅन्सरला मेलानोमा म्हणतात. भारतात तो दुर्मिळ आहे, वर्षाला लाख माणसांमागे एकापेक्षाही कमी. ऑस्ट्रेलियात गोऱ्या कातडीच्या लोकांमध्ये तो खूप दिसतो, कारण तिथं ऊन कडक आणि त्वचेत मेलॅनिन कमी. आपल्या सावळ्या रंगाला नावं ठेवणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं, हा रंग म्हणजे उन्हापासूनची फुकटची छत्रीच आहे.

मग आपल्याला काळजीचं कारणच नाही का? आहे. आणि ते भलत्याच जागी आहे.

आपल्याकडं तो लपतो पायाखाली

सावळ्या लोकांमध्ये मेलानोमा झालाच, तर बऱ्याचदा तो तळपायावर, तळहातावर किंवा नखाखाली होतो. तिथं उन्हाचा फारसा संबंध नसतो, त्यामुळं ती छत्री तिथं कामाला येत नाही.

गायक बॉब मार्ले तुम्ही ऐकला असेल. १९७७ साली त्याच्या पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली मेलानोमा निघाला. आधी ती फुटबॉल खेळताना झालेली जखम वाटली होती. डॉक्टरांनी अंगठा काढायचा सल्ला दिला, पण त्याच्या धर्मश्रद्धेत ते बसत नव्हतं. नख आणि त्याखालचा भाग तेवढा काढला. पुढं आजार पसरला आणि ११ मे १९८१ ला तो गेला. वय अवघं ३६.

आता हेच आपल्या भागात आणून बघा. कापूस वेचणाऱ्या, खुरपणीला जाणाऱ्या माणसाचे तळवे भेगाळलेले असतात. तळव्यावर काळं काही दिसलं तर आपण काय म्हणतो? कुरूप असेल. काटा मोडला असेल. शुगर आहे म्हणून जखम भरत नसेल. बहुतेक वेळा ते खरंही असतं! पण म्हणूनच खरा धोका वर्षवर्ष लपून राहतो. वर आपल्याकडं ठरलेलंच आहे, तळपायावर तीळ म्हणजे प्रवासाचा योग. तीळ बदलत असेल, तर पहिला प्रवास दवाखान्याचा करा.

पाच गोष्टी बघायच्या

डॉक्टर मंडळी एक सोपा नियम वापरतात. तो मी मराठीत सांगतो:

१. आकार: मधून रेघ मारली तर दोन्ही अर्धे सारखे दिसतात का? वेडावाकडा असेल तर लक्ष द्या.
२. कडा: साधा तीळ काठाला स्वच्छ असतो. शाई फुटल्यासारखी किंवा दातेरी कड नको.
३. रंग: एकसारखा काळा किंवा तपकिरी असेल तर ठीक. एकाच तिळात काळा, तपकिरी, लाल, निळसर, पांढरा असे रंग मिसळलेत? दाखवा.
४. मोठेपणा: ६ मिलिमीटरपेक्षा मोठा, म्हणजे पेन्सिलच्या मागच्या खोडरबरापेक्षा रुंद.
५. बदल: ही सगळ्यात महत्त्वाची. काही आठवड्यांत, महिन्यांत तो वाढला, उंचावला, खाजायला लागला, त्यातून रक्त किंवा पाणी यायला लागलं.

यातलं एखादं लक्षण दिसलं म्हणजे कॅन्सर झालाच, असं नाही. दाखवायला पाहिजे, एवढाच त्याचा अर्थ.

नखाचं थोडं वेगळं. सावळ्या लोकांच्या बऱ्याच नखांवर उभ्या फिकट रेघा असतात, त्या नैसर्गिक. पण एकाच नखावर नवी काळी रेघ आली, ती रुंद होतेय, किंवा रंग नखाबाहेर कातडीवर उतरला, तर थांबू नका. दार लागून नख काळं झालं असेल तर तो डाग नखासोबत पुढं सरकतो. हाताचं नख महिन्याला साधारण ३ मिलिमीटर वाढतं, पायाचं त्याच्या निम्म्यानं. डाग जागचा हललाच नाही, तर ते साकळलेलं रक्त नसू शकतं.

डॉक्टर काय करतात?

माझ्याही डाव्या तळव्यावर तीळ आहे. या एपिसोडची तयारी करताना म्हटलं, आधी आपला दाखवू. त्वचारोगतज्ज्ञांनी डर्मोस्कोप नावाचं हातात मावणारं, लाईट असलेलं भिंग लावलं. दुखणं नाही, सुई नाही, दोन मिनिटांचं काम.

त्यांनी जे सांगितलं ते शेतकऱ्याच्या पोराला लगेच कळेल. तळव्याच्या कातडीवर सरी-वरंबे असतात, आपल्या बोटाच्या ठशासारखे. तिळाचा रंग सरीत साचलेला असेल तर सहसा चिंता नसते. रंग वरंब्यावर चढलेला दिसला तर संशय घ्यायचा. माझा सरीत होता. फोटो काढून ठेवला आणि सहा महिन्यांनी या म्हणाले.

संशय आलाच तर बायोप्सी करतात. जागा बधिर करायची, शक्यतो तो आख्खा तीळ काढायचा, दोन-चार टाके घालायचे आणि तुकडा लॅबमध्ये सूक्ष्मदर्शकाखाली तपासायचा. इथं एक गैरसमज पक्का बसलाय, सुई किंवा चाकू लागला की कॅन्सर पसरतो म्हणून. असं होत नाही. उलट बायोप्सीशिवाय निदानच पक्कं होत नाही.

मेलानोमा निघाला तर डॉक्टर आधी बघतात तो किती खोल गेलाय. हिशोब मिलिमीटरमध्ये असतो. १ मिलिमीटरच्या आत असेल तर बहुतेकदा ऑपरेशननंच काम भागतं. अमेरिकेतल्या आकडेवारीनुसार आजार त्वचेपुरता असताना सापडलेल्यांपैकी ९५ टक्क्यांहून जास्त लोक पाच वर्षांनी हयात असतात. दूरच्या अवयवांत पोचल्यावर हेच प्रमाण साधारण तिघांत एकावर येतं. लवकर जायचं ते यासाठी.

सेलूकरांनी जायचं कुठं?

पहिल्यांदा इथल्याच सरकारी दवाखान्यात किंवा ओळखीच्या डॉक्टरांना दाखवा. त्यांना शंका वाटली तर परभणीला त्वचारोगतज्ज्ञाकडं. आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. लगेच जाणं जमत नसेल तर सरकारच्या ई-संजीवनीवरून डॉक्टरांशी व्हिडिओवर बोलता येतं. कॅन्सरचं निदान झालंच, तर छत्रपती संभाजीनगरला शासकीय कॅन्सर हॉस्पिटल आहे, आपल्याकडून रेल्वेनं जालन्याच्या पुढं. महात्मा फुले जनआरोग्य योजनेत कॅन्सरचे उपचार बसतात, म्हणून रेशनकार्ड आणि आधार सोबत ठेवा.

हे मात्र करू नका

तिळाला चुना-सोडा लावणं, घोड्याचा केस बांधणं, कुरूप समजून ब्लेडनं तासणं, पार्लरमध्ये जाळून घेणं, हे सगळं बंद. जखमेचा त्रास वेगळाच, पण मोठं नुकसान म्हणजे पुरावा जातो. जाळलेल्या तिळाची तपासणी कशाची करणार? डॉक्टरांकडून तीळ काढला तरी विचारा, "तुकडा तपासायला पाठवणार ना?"

ॲपवर फोटो टाकून निकाल मागणंही नको. अशी बरीच ॲप गोऱ्या कातडीच्या फोटोंवर शिकलेली असतात. मोबाईलचा खरा उपयोग वेगळा: दिवसाच्या उजेडात, शेजारी मोजपट्टी ठेवून तिळाचा फोटो काढा. महिन्यानं तसाच दुसरा. दोन फोटो शेजारी ठेवले की "मला वाटतंय वाढलाय" ही धाकधूक राहत नाही, वाढलाय की नाही ते समोर दिसतं. डॉक्टरांनाही तेच दाखवा. पण रक्त येत असेल किंवा बदल उघड दिसत असेल तर महिना थांबू नका, त्याच आठवड्यात जा.

मेसेज पाठवणाऱ्या मित्रा, तुझा तीळ तुला वाढलेला वाटतोय ना? मग दाखवून ये. बहुतेक करून "काही नाही" असंच ऐकायला मिळेल, पण ते डॉक्टरांच्या तोंडून ऐकलंस तर झोप लागेल.

आणि बाकीच्यांना एक काम. आपले तळवे आपण बघू शकतो. आजी-आजोबांना वाकता येत नाही, डोळ्यांना दिसत नाही. आज संध्याकाळी त्यांचे पाय धुऊन द्या आणि मोबाईलचा टॉर्च लावून तळवे, बोटांच्या बेचक्या, नखं एकदा बघा. आजी विचारेल, "काय रे, आज पाया कसा काय पडतोस?" सांगा, तीळ मोजतोय.

भेटू पुढच्या एपिसोडमध्ये.