सावलीच्या आत

दिवा आणि भिंत यांच्या मध्ये दोन्ही हात धरून उमटवलेला ससा आणि रुग्णालयात काढलेला छातीचा एक्स-रे ही दोन्ही चित्रे एकाच नियमाने तयार होतात: किरण सरळ रेषेत जातात, वाटेतली वस्तू त्यांना अडवते आणि मागच्या पडद्यावर सावली पडते. ज्योत मोठी असेल किंवा हात भिंतीपासून दूर असतील, तर सावलीभोवती उपच्छाया, म्हणजे अर्धवट उजेडाची धूसर कड, पसरते आणि सशाचे कान पुसट होतात. हात भिंतीजवळ नेताच ते रेखीव उमटतात. म्हणूनच एक्स-रेच्या नळीतील किरणांचा उगमबिंदू जेमतेम मिलिमीटरभराचा ठेवतात, आणि हृदय छातीत पुढच्या बाजूस असल्याने, त्याची सावली विनाकारण मोठी पडू नये यासाठी, रुग्णाला प्लेटला छाती टेकवून उभे करतात.

भिंतीवरची सावली मात्र केवळ बाह्यरेषा दाखवते. ओडिशातील रावणछाया या खेळात चामड्याच्या अपारदर्शक, बिनसांध्यांच्या बाहुल्या वापरतात आणि सारे नाट्य काळ्या आकृतीवर तोलले जाते. आंध्रातील तोलुबोम्मलाटमध्ये मात्र चामडे अर्धपारदर्शक होईपर्यंत कमावून रंगवतात, त्यामुळे उजेड त्यातून गाळून येतो आणि सावलीच्या आत दागिने व वस्त्रेही दिसू लागतात. कुडाळजवळच्या पिंगुळी गावातील ठाकर कलावंतांनी छायाबाहुल्यांची परंपरा महाराष्ट्रात निष्ठेने जपली आहे.

शरीराची अशी ‘आतली’ सावली शक्य झाली ती विल्हेल्म राँटगेन यांच्यामुळे. ८ नोव्हेंबर १८९५ रोजी जर्मनीतील व्युर्ट्सबुर्ग येथे, काळ्या पुठ्ठ्याने झाकलेल्या निर्वात नळीतून विद्युतप्रवाह जात असताना जवळचा रासायनिक लेपाचा पडदा चमकताना त्यांनी पाहिला. बीजगणितात अज्ञात संख्येला ‘क्ष’ म्हणतात, म्हणून मराठीत हे अनोळखी किरण क्ष-किरण झाले. २२ डिसेंबरला त्यांनी पत्नी अ‍ॅना बेर्टा यांच्या हाताची प्रतिमा घेतली, तीत मांस विरळ धुक्यासारखे, हाडे स्पष्ट आणि अंगठी त्याहून गडद दिसते, कारण धातू हे किरण हाडातील कॅल्शियमपेक्षाही अधिक अडवतो. या शोधाचे पेटंट राँटगेन यांनी घेतले नाही, आणि हा निर्णय शोधाइतकाच मोठा मानावा लागेल.

एक्स-रे फिल्मवर मात्र ही सावली उलटी, पांढरी उमटते. फिल्म किरण पोहोचतात तेथे काळी पडते, म्हणून हवेने भरलेली फुप्फुसे काळी आणि हाडे पांढरी दिसतात. हाडाला तडा गेला असेल, तर त्या फटीतून निसटलेले किरण पांढऱ्या हाडावर केसाएवढी काळी रेघ ओढून जातात.