ऊसतोडीला निघण्याआधी एकदा ट्रॉलीखाली आडवं व्हा. पावसानं खाल्लेलं लोखंड असं ओळखा, अशी करा दुरुस्ती

बीड : दसरा-दिवाळी जवळ आली की केज, धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, गेवराईच्या गावागावांत मुकादमांच्या फेऱ्या सुरू होतात. उचल वाटली जाते, कोयते ठरतात आणि चार-पाच महिने घरामागं उभी असलेली ट्रॉली रस्त्यावर निघते. सांगली, कोल्हापूर, सातारा, सोलापूर, नाहीतर थेट बेळगावचा पट्टा. त्या ट्रॉलीत ज्वारीची पोती असतात, कोपीचे बांबू असतात, शेळ्या असतात आणि सगळ्यात वर लेकरंबाळं असतात. परत गावाला येईपर्यंत तेच त्या बिऱ्हाडाचं चालतं घर.

निघायच्या घाईत इंजिनाचं ऑइल बघितलं जातं, टायरची हवा बघितली जाते. ट्रॉलीच्या खाली मात्र कुणी बघत नाही. पावसाळ्यानं घाव घातलेला असतो तो नेमका तिथंच. पंधरा-वीस वर्षं जुनी ट्रॉली वरून रंगवलेली दिसते आणि आतून पोखरलेली असते. 2025 च्या सप्टेंबरमध्ये जिल्ह्यात जसा पूर आला, तशा पाण्यात बुडालेल्या ट्रॉलीची तर जास्तच कसून तपासणी करावी लागते.

पाणी साचतं कुठं?

लोखंड, पाणी आणि हवा एकत्र आले की गंज चढतो, हे सगळ्यांना माहीत आहे. पण पाऊस पडून वाहून गेला तर फारसं बिघडत नाही. पाणी जिथं थांबतं तिथं लोखंड सडतं. ट्रॉलीत अशा चार जागा ठरलेल्या. एक, तळाच्या पत्र्याचे कोपरे. तिथं पाचट, माती आणि उसाचा चिकटा बसून ओल धरून ठेवतो. दोन, तळपत्रा आणि खालचे आडवे चॅनेल यांच्यातली फट. तीन, दांडी चेसिसला जिथं जोडली आहे तो भाग. चार, पाट्यांच्या मधली जागा आणि चाकांचे हब.

ज्या ट्रॉलीत खताची पोती वाहिली जातात तिची अवस्था आणखी वाईट. सांडलेलं खत ओल ओढून घेतं आणि गंज झपाट्यानं वाढतो. ट्रॉलीवर ताडपत्री घट्ट बांधून ठेवली की ती कोरडी राहील, असं वाटतं. प्रत्यक्षात आत ओली माती असेल तर ताडपत्रीखाली ती वाळतच नाही.

तपासणी : पाणी, ऊन, हातोडी

आधी ट्रॉली खालून-वरून धुऊन घ्या. मातीच्या थराखाली काय आहे ते धुतल्याशिवाय कळत नाही. मग एक-दोन दिवस कडक उन्हात वाळू द्या. ट्रॅक्टर सोडवून ट्रॉली सपाट, कडक जमिनीवर उभी करा, चाकांना दगडाची उटी लावा आणि दांडीखाली मजबूत टेकू द्या. नुसत्या जॅकच्या भरवशावर ट्रॉलीखाली कधीच शिरू नका.

हातात छोटी हातोडी, टोकदार पोगर, बॅटरी आणि खडू घ्या. तळपत्रा आणि चॅनेल हातोडीनं ठोकत जा. चांगलं लोखंड ठणठणीत वाजतं, सडलेलं भद्द वाजतं आणि पापुद्रे गळतात. शंका आली तिथं पोगर दाबा. तो आत रुतला किंवा आरपार गेला तर खडूनं फुली मारा.

रंग फुगलेला दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका. गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा घेतो. म्हणून तो आतून रंग उचलतो आणि जोडलेले दोन पत्रे एकमेकांपासून फाकवतो. जोड फाकलेला दिसला, की आत गंज आहे असंच समजा.

जीव दांडीवर आणि चाकावर

तळपत्र्याला भोक पडलं तर ज्वारी सांडेल, फार तर लेकराचा पाय अडकेल. ते वाईटच. पण दांडी तुटली किंवा चाक निखळलं तर अख्खं बिऱ्हाड रस्त्यावर पडतं. म्हणून फुल्या मोजताना दांडी, चेसिसचे दोन लांब चॅनेल आणि हब यांना पहिला मान.

दांडीचे वेल्डिंगचे जोड तारेच्या ब्रशनं घासून चकचकीत करा. त्यावर रॉकेल लावा, नसेल तर डिझेल चालेल. पंधरा-वीस मिनिटांनी फडक्यानं पूर्ण कोरडं पुसा आणि वरून खडू घासा. बारीक तडा असेल तर त्यात मुरलेलं तेल बाहेर येतं आणि पांढऱ्या खडूवर काळपट रेघ उमटते. डोळ्याला न दिसणारी चीर अशी सापडते. हूक अडकतो तो डोळा गोल न राहता लांबट झाला असेल, तर तोही बदलायला आला.

चाकासाठी रिकामी ट्रॉली जॅकवर घ्या, आखाखाली लाकडी ठोकळे लावा. चाक हातानं फिरवा, खरखर ऐका. मग वर-खाली धरून हलवा. चाक डुगडुगलं तर बेअरिंग ढिलं आहे किंवा गेलं आहे. हबमधलं ग्रीस दुधासारखं पांढुरकं दिसलं तर पाणी आत शिरलं म्हणून समजा. पुरात बुडालेल्या ट्रॉलीचं चाक नीट फिरत असलं तरी हब उघडाच. बेअरिंग डिझेलनं धुऊन बघा. त्यावर खड्डे किंवा गंजाचे डाग असतील तर बेअरिंग बदला, ऑइल सील नवं टाका आणि ताजं ग्रीस भरा. ट्रॉलीत आठ-दहा टन ऊस भरल्यावर खराब बेअरिंग तापतं आणि भर रस्त्यात अडकतं.

यू-बोल्ट, पाट्यांच्या पिना, रिमची कड आणि टायरच्या बाजूच्या चिरा हेही याच फेरीत बघून घ्या.

दुरुस्ती : गंजावर ठिगळ नको

सगळ्यात मोठी चूक इथंच होते. सडलेल्या पत्र्यावर नवा पत्रा ठेवून चारी बाजूंनी वेल्डिंग मारतात. वरून काम झालं असं दिसतं. पण खालचा गंज तसाच राहतो, दोन पत्र्यांच्या मध्ये पाणी अडकतं आणि पुढच्या पावसाळ्यात दोन्ही सडतात. शिवाय सडलेल्या लोखंडाला वेल्डिंग धरतच नाही.

योग्य रीत अशी : चांगलं, चमकणारं लोखंड लागेपर्यंत सडका भाग कापून काढा. त्याच जाडीचा नवा तुकडा बसवा आणि सलग वेल्डिंग करा. लांब चॅनेल पोखरला असेल तर त्याला पत्र्याचं ठिगळ चालत नाही. तेवढा तुकडा बदलून जोडावर आधारपट्टी द्यावी लागते आणि हे काम जाणत्या फॅब्रिकेशनवाल्याकडूनच करून घ्यावं. दांडीला तडा असेल तर पुन्हा पुन्हा वेल्डिंग मारण्यापेक्षा नवी दांडी घालणं शहाणपणाचं.

तीन गोष्टी विसरू नका. पावसाळ्यात ओल धरलेले वेल्डिंग रॉड वापरले तर जोड पोकळ होतो. वेल्डिंग करताना ट्रॅक्टर जोडलेला ठेवू नका. आणि टायर चढवलेल्या रिमवर वेल्डिंग कधीच करू देऊ नका. आतली हवा तापून टायर बॉम्बसारखा फुटतो, त्यात माणसं दगावतात.

घासून स्वच्छ केलेल्या लोखंडावर त्याच दिवशी रेड ऑक्साईड मारा. रात्रभर उघडं राहिलं तर दवानं पुन्हा गंज चढतो. रेड ऑक्साईडचे दोन हात वाळल्यावर वरचा रंग द्या, तोही खालून आधी. वरची बाजू सगळेच रंगवतात.

बैलगाडीवाल्यांसाठीही हाच नियम. लाकूड बोल्टच्या भोकापाशी आणि कापलेल्या टोकाशी आधी कुजतं. तिथं पोगर रुतला तर रंग देऊन उपयोग नाही, ते लाकूडच बदला.

कधी थांबायचं?

दोन्ही लांब चॅनेल आखाजवळ किंवा दांडीच्या मुळाशी सडले असतील, तर ती ट्रॉली भंगारात घालायची वेळ आली. उचलीच्या हिशोबात हा खर्च बसत नाही, हे खरं आहे. म्हणूनच तपासणी दिवाळीच्या आदल्या दिवशी न करता आधीच करावी. मुकादमाशी आणि ट्रॅक्टरमालकाशी बोलायला तेव्हा वेळ असतो. दुसऱ्याच्या ट्रॉलीतून जाणाऱ्या मजुरानंही निघण्याआधी खाली वाकून बघावं. बिऱ्हाड आपलं आहे.

ट्रॉली कितीही ठणठणीत केली तरी ती मालवाहू आहे. तिच्यात माणसं नेणं कायद्याला मान्य नाही आणि अपघात झाला तर विम्याच्या भरपाईतही अडचण येते. शक्य असेल तिथं बायका-लेकरांना एसटीनं किंवा जीपनं पाठवावं, सामान ट्रॉलीत जाऊ द्यावं. मागचे लाल रिफ्लेक्टर आणि दिवे निघायच्या आधी चालू असले पाहिजेत. पाणी शिरलेल्या वायरीचं तांबं हिरवं पडतं, अशी वायर कापून नवी जोडा.

हंगाम संपवून परत आल्यावर ट्रॉली झाडून, धुऊन, वाळवून ठेवा. दांडी थोडी उंचावर टेकवा आणि मागचा फाळका उघडा सोडा, म्हणजे पावसाचं पाणी मागून निघून जाईल. एवढं केलं तरी पुढच्या दसऱ्याला खडूच्या फुल्या कमी लागतील.