मला जेसीबी व्हायचंय!

‘पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?’ अप्रेझलला हा प्रश्न आला की भल्याभल्यांची बोबडी वळते. लहान मुलांना मात्र ‘मोठेपणी कोण होणार?’ एवढंच विचारा, उत्तर तयार असतं!

आंबेगाव तालुक्याच्या पूर्वेला लोणी नावाचं गाव आहे. मैत्रिणीच्या आजोळी वीकएण्डला गेले होते, तेव्हा ओट्यावर जमलेल्या बच्चेकंपनीला हेच विचारलं. साडेचार वर्षांच्या पठ्ठ्याला जेसीबी व्हायचंय. जेसीबीचा ड्रायव्हर नाही हं, जेसीबीच! त्याच्या बहिणीला बिबट्या. या भागात बिबट्याच्या धास्तीने अंधार पडला की पोरं घरात. त्यामुळे तिचं लॉजिक सरळ आहे, ‘मंग मला कुणाचंच भ्याव नाय!’

हसू आलं ना? पण यात शास्त्र आहे. एली गिन्झबर्ग आणि सहकाऱ्यांनी १९५१ साली साधारण अकरा वर्षांपर्यंतच्या या काळाला ‘कल्पनेचा टप्पा’ म्हटलं. १९८१ मध्ये लिंडा गॉटफ्रेडसन यांनी पुढचं गणित मांडलं. तीन ते पाच वर्षांच्या मुलांना मोठं आणि ताकदवान व्हायचं असतं. सहा ते आठमध्ये ‘हे बायकांचं, हे पुरुषांचं’ सुरू होतं. मग येते प्रतिष्ठा. थोडक्यात, वयाबरोबर एकेक पर्याय गळत जातो.

हे गळणं ओट्यावरच बघायला मिळालं. सात वर्षांची एक चिमुरडी म्हणाली, ‘मी एसटी चालवणार.’ नऊ वर्षांचा चुलतभाऊ लगेच म्हणाला, ‘पोरी कंडक्टर असत्यात, ड्रायव्हर नाय.’ ‘मंग कंडक्टर,’ ती म्हणाली. दोन सेकंदांत स्वप्न बदललं! २०२३ पासून एसटीच्या स्टिअरिंगवर बायकाही आहेत, हे मी तिला सांगून पाहिलं. ‘आमच्या गाडीवं नाय आली कधी,’ ती म्हणाली.

खरी गोम इथेच आहे. जे दारावरून जातं, त्यातूनच मुलं स्वप्न उचलतात. एकाला बैलगाड्याच्या घाटात माइक गाजवणारा अनाउन्सर व्हायचंय. २०१४ साली सुप्रीम कोर्टाने बंद केलेल्या शर्यतींना डिसेंबर २०२१ मध्ये परवानगी मिळाली नसती, तर हे करिअर त्याला कुठून दिसलं असतं? दुसरा २८ फेब्रुवारीला, विज्ञान दिनाच्या प्रदर्शनात, शेजारच्या जुन्नर तालुक्यातल्या खोडदची रेडिओ दुर्बीण पाहून आला. तीस डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर! आता त्याला ‘आभाळातलं ऐकनारा’ व्हायचंय. सायंटिस्ट हा शब्द त्याला अजून ठाऊक नाही. अडलंय कुठे?

तेव्हा मंडळी, भाचा-पुतणी यापुढे काहीही होणार म्हणाली, तर ‘डॉक्टर हो’ म्हणण्याआधी ‘का रे?’, ‘का गं?’ एवढं विचारा. आणि जमलं तर ते काम करणारं एखादं माणूस त्यांना दाखवा. मुलगी असेल, तर ते काम करणारी बाई दाखवा. आठव्या वाढदिवसाच्या आधी दाखवलीत, तर उत्तम!